डॉक्टर नुसता खोकला ऐकून सांगतात की कफ आहे की नाही किंवा खोकल्यात जोर आहे की नाही, ते कितपत खरं असतं?

काही गोष्टी कानाला चांगल्या कळतात, काही अजिबात नाही. ओला की सुका हे बऱ्यापैकी कळतं, आणि डांग्या खोकल्याची ती उबळ आणि नंतरचा श्वास ओढतानाचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. पण आवाजावरून थेट आजार ओळखणं कठीण. 2006 मध्ये इंग्लंडमध्ये यावर अभ्यास झाला होता, डॉक्टर, नर्स वगैरेंना रेकॉर्ड केलेले खोकले ऐकवले तर कफ आहे की नाही हे साधारण चारपैकी तीन वेळा बरोबर आलं, पण निदान जेमतेम तीनात एकदा.

आणि जोर? इथे माझ्या मते कानावर विसंबूच नये, कारण मोठा आवाज म्हणजे जोरदार खोकला असं नसतं, कफ वर येतो तो हवेच्या झोतामुळे. तो मोजायला साधा पीक फ्लो मीटर (हवा किती वेगाने बाहेर पडते ते दाखवणारं छोटं यंत्र) पुरतो, मीटरला मास्क जोडून पेशंटला त्यात जोरात खोकायला सांगायचं. मिनिटाला 270 लिटरच्या खाली आकडा आला तर नुसत्या सर्दीतही कफ छातीत अडकायची भीती, 160 च्या खाली तर कफ स्वतःहून निघणं फारच अवघड. मस्क्युलर डिस्ट्रॉफी किंवा एएलएस (स्नायू हळूहळू कमकुवत होत जाणारे आजार) असलेला कोणी घरी असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून आवर्जून मोजून घ्या, प्लीज, पेशंट "खोकतोय की चांगला" म्हणून थांबू नका.