माशांच्या जीवाश्म कवट्या अभ्यासताना

अस्थिमत्स्यांच्या उगमाकडे वळताना सुरुवातीलाच कवटीच्या छपरावरील हाडांची नावे पाठ करू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पार्श्वरेखेच्या (पाण्याची हालचाल टिपणाऱ्या इंद्रियाच्या) संवेदी नलिका कोणत्या हाडांतून जातात आणि पिनिअल छिद्र (कवटीच्या छपरातील, प्रकाश जाणवणाऱ्या पिनिअल अवयवाचे छिद्र) हाडांच्या कोणत्या जोडीच्या मध्ये येते, हे आधी कागदावर रेखाटून पाहा. कारण गटागटांत हाडे फुटतात, जुळतात, नाहीशीही होतात, पण नलिकांचा मार्ग तुलनेने टिकून राहतो.

त्यानंतर मेंदूकोशाकडे, म्हणजे मेंदूला वेढणाऱ्या कवटीच्या आतल्या भागाकडे, वळा. खरा खजिना तिथेच आहे. युस्थेनोप्टेरॉन या मांसल पंखांच्या जीवाश्म माशाच्या मेंदूकोशाचे पुढचा व मागचा असे दोन भाग असून त्यांच्यामध्ये सांधा दिसतो. तसाच सांधा आजच्या सीलाकँथ या मांसल पंखांच्या माशातही आहे, किरणपंखी माशांत (काड्यांवर ताणलेले पंख असलेल्या, आजच्या बहुतेक माशांत) मात्र नाही. हे आतले बारकावे पाहण्यासाठी स्वीडिश जीवाश्मशास्त्रज्ञ एरिक यार्विक यांना कवटी थराथराने घासून संपवावी लागली आणि मेणाची प्रतिकृती उभारावी लागली. आज सीटी स्कॅनमुळे नमुना न दुखावता तेच साधते (अशा दुर्मीळ नमुन्यांच्या बाबतीत हे मोठेच भाग्य), म्हणून त्रिमितीय प्रतिमा स्वतः फिरवून पाहण्यात भरपूर वेळ घाला.

चीनमधील युन्नान प्रांताचे सिल्युरियन (सुमारे ४४ ते ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या कालखंडातील) मासे मुळीच वगळू नका. २०१३ मध्ये वर्णन झालेला एंटेलोग्नाथस सुमारे ४१.९ कोटी वर्षांपूर्वीचा. अंगावर प्लॅकोडर्मचे (हाडांच्या पट्ट्यांनी मढलेल्या प्राचीन माशांचे) चिलखत, पण जबड्याच्या कडेची हाडे अस्थिमत्स्यांसारखी. त्यामुळे ही हाडे अस्थिमत्स्यांच्या आधीच घडली असावीत आणि शार्कच्या वंशात ती पुढे लोपली असावीत, हे मत बळावले.