वाचकांचे प्रश्न : खिडकीच्या काचेचा स्फटिक का होत नाही?

प्रश्न : ज्या बदलात मुक्त ऊर्जा (पदार्थातील कामास येऊ शकणारी ऊर्जा) घटते तो बदल आपोआप घडतो, असे आम्ही बारावीच्या रसायनशास्त्रात शिकलो. काचेपेक्षा स्फटिकाची मुक्त ऊर्जा कमी असते, असेही सरांनी सांगितले. मग आमच्या खिडकीच्या काचेचे आपोआप स्फटिकात रूपांतर का होत नाही? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : तुमची दोन्ही विधाने बरोबर आहेत, घोटाळा ‘आपोआप’ या शब्दाने केला आहे. रोजच्या बोलण्यात आपोआप म्हणजे लगेच, विनासायास. ऊष्मागतिकीत, म्हणजे उष्णता आणि ऊर्जा यांच्या शास्त्रात, मात्र तो शब्द केवळ दिशा दाखवतो. बदल त्या दिशेने जाण्यास किती वेळ लागेल, याचे उत्तर तेथे शोधू नये.

शुद्ध सिलिकाचे, म्हणजे वाळूतील सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाचे, उदाहरण घेऊ. सिलिकाच्या काचेचे क्वार्ट्झमध्ये, म्हणजे सिलिकाच्या स्फटिकात, रूपांतर झाले, तर दर मोलमागे (मोल हे अणू-रेणू मोजण्याचे ठरावीक माप) जेमतेम ७ ते ९ किलोज्यूल उष्णता बाहेर पडेल. परंतु काचेतील अस्ताव्यस्त अणूंना स्फटिकासारखे शिस्तीत रांगेत बसायचे असेल, तर सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध आधी तुटले पाहिजेत, आणि असे एक मोल बंध तोडण्यास सुमारे ४५० किलोज्यूल ऊर्जा लागते. फायदा एवढासा आणि वाटेतला घाट एवढा उंच, अशी ही स्थिती आहे. घरातील तापमानाला तो घाट चढण्याइतकी ऊर्जा अणूंकडे नसते.

खिडकीची काच शुद्ध सिलिकाची नसते. सिलिका वितळवण्यास १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते, म्हणून वाळूत सोडा घालतात. सोड्यातील सोडियम सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांच्या सलग जाळ्याचे दुवे ठिकठिकाणी तोडते आणि मिश्रण बऱ्याच कमी तापमानाला वितळते. मात्र नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुनखडीही घालावी लागते. दुवे तुटल्यामुळे अणूंची हालचाल सोपी होते आणि स्फटिक बनण्याची शक्यता वाढते. सोडा-चुन्याची वितळलेली काच ९०० अंशांच्या आसपास बराच वेळ ठेवली, तर तिच्यात खरोखरच स्फटिक धरू लागतात आणि ती धुरकट होते. काच कारखान्यात हा दोष समजला जातो, त्यामुळे तो टप्पा झटपट ओलांडतात. पुढे सुमारे ५५० अंशांना काचेची श्यानता, म्हणजे प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध, पाण्याच्या कितीतरी पट होतो. किती, तर एकावर पंधरा शून्ये! त्याखाली अणू जेथल्या तेथे अडकतात. (जुन्या युरोपीय चर्चच्या खिडक्यांतील काच शतकानुशतके ओघळून खाली जाड झाली, ही गोष्ट म्हणूनच खरी नाही. ती काच बनवतानाच कमीजास्त जाडीची होत असे.)

काच किती काळ अडकून राहू शकते, याचा पुरावा चंद्रावर मिळाला. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या अंतराळवीरांना तेथे नारिंगी माती दिसली. ती ज्वालामुखीतून उडालेल्या काचेच्या बारीक मण्यांची होती, आणि त्या मण्यांचे वय ३५० कोटी वर्षांहून अधिक भरले. पृथ्वीवर काचेला एवढे आयुष्य लाभत नाही, कारण येथे पाणी आहे. पाणी काचेच्या पृष्ठभागातून सोडियम ओढून घेते आणि जाळ्याचे बंधही हळूहळू तोडते. एकावर एक रचलेल्या नव्या काचा पावसाळ्यात ओल्या राहिल्या, तर त्यांच्यावर न निघणारे पांढरे डाग पडतात आणि म्हणूनच त्यांच्यामध्ये कागद घालतात. तेव्हा तुमच्या खिडकीला भीती आहे ती ओलाव्याची. स्फटिकाची काळजी करू नये.

प्रश्न : इंडक्शन शेगडीच्या काळ्या पृष्ठभागाला दुकानदार कधी काच म्हणतात, कधी सिरॅमिक (चिनी मातीसारखा पदार्थ). नेमके काय? आणि साधा काचेचा ग्लास उकळत्या चहाने तडकतो, तसा तो का तडकत नाही? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोघेही दुकानदार अर्धे बरोबर आहेत. हा पृष्ठभाग म्हणजे आत सूक्ष्म स्फटिक धरलेली काच. वरच्या उत्तरात ज्याला दोष म्हटले, तोच येथे मुद्दाम घडवून आणलेला असतो. १९५३ साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांनी काचेचा एक तुकडा ६०० अंशांना तापवण्यासाठी भट्टीत ठेवला; भट्टी बिघडून तापमान ९०० अंशांवर गेले. काचेचा लगदा झाला असेल, असे त्यांना वाटले होते. आत मात्र अपारदर्शक, पांढरी पट्टी निघाली, आणि ती चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली तरी फुटली नाही. काचेत सर्वत्र सूक्ष्म स्फटिक तयार झाले होते.

शेगडीसाठी लिथियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांची काच घेतात व तिच्यात थोडे टायटॅनियम किंवा झिर्कोनियमचे ऑक्साइड मिसळतात. पत्रा आधी काच म्हणूनच ओततात, मग पुन्हा तापवून आधी स्फटिकांची बीजे धरू देतात आणि त्याहून अधिक तापमानाला ती वाढू देतात. बीजे असंख्य असल्यामुळे कोणताच स्फटिक मोठा होत नाही. या स्फटिकांचा गुण असा, की ते तापल्यावर किंचित आकसतात, तर भोवतीची उरलेली काच प्रसरण पावते. दोन्हींची वजाबाकी शून्याच्या जवळ येते.

साध्या काचेची लांबी दर अंशामागे दहा लाखांत ९ भागांनी वाढते. उकळता चहा ओतला की आतला थर फुगू पाहतो, बाहेरचा गार थर त्याला अडवतो आणि त्या ओढाताणीत बाहेरच्या बाजूस ताण येऊन एखाद्या जुन्या ओरखड्यापासून तडा जातो. जाड ग्लास मजबूत वाटतो, पण तोच आधी तडकतो, कारण उष्णता बाहेरच्या थरापर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ लागतो. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काचेत हे प्रसरण ३.३ भागांवर येते. शेगडीच्या पत्र्यात प्रसरणच जवळजवळ नसल्याने तापलेल्या पत्र्यावर गार पाणी सांडले तरी सहसा काही होत नाही. जड तव्याची कड आपटली, तर मात्र तोही फुटतो.