मेंदूच्या ऑपरेशनाआधी औषधांची फाईल तपासा

"मॅडम, ह्यांच्या मेंदूचं ऑपरेशन करून टाकूया का? गोळ्यांचा काही उपयोग नाही." डोंबिवलीच्या सुनंदाताईंचा प्रश्न. विलासराव ४६ वर्षांचे, सहा वर्षं डिप्रेशन, नोकरी सुटलेली. (नावं व तपशील बदलले आहेत.) सासूबाईंना वेगळीच धास्ती होती, "डोकं उघडल्यावर माणूस पहिल्यासारखा राहील का?"

ही धास्ती लोबोटॉमीच्या काळातली आहे. १९३५ मध्ये पोर्तुगालमध्ये मोनिझ यांनी मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडायला सुरुवात केली आणि १९४९ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. पण कित्येक रुग्णांचा स्वभाव कायमचा बोथट झाला. आज विचारलं जातं ते ऑपरेशन म्हणजे डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), मेंदूत खोलवर तारा बसवून हलका करंट देणं. यात तंतू तोडत नाहीत. कवटीला दोन छोटी छिद्रं पाडून सव्वा मिलिमीटर जाडीच्या तारा ठरावीक जागी सोडतात आणि गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेत बॅटरी बसवतात. करंट कमी-जास्त करता येतो, बंदही करता येतो. तरी मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तार तुटणं हे धोके आहेतच. गुण यायला महिने लागतात, त्या काळात सेटिंगसाठी वारंवार जावं लागतं. साधी बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते आणि ती अचानक संपली तर आजार उलटू शकतो.

फायदा किती? २००५ मध्ये टोरांटोच्या पहिल्या सहा रुग्णांपैकी चौघांना चांगला गुण आला. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९० रुग्णांच्या चाचणीत मात्र सहा महिन्यांनंतर करंट चालू असलेल्यांत आणि बंद ठेवलेल्यांत ठळक फरक दिसला नाही. दोन वर्षांनी जवळपास निम्म्यांना गुण आला होता. म्हणून डिप्रेशनसाठी हा अजून नेहमीचा उपचार झालेला नाही.

आता विलासरावांची फाईल. कागदावर पाच औषधं. प्रत्येकापुढे आम्ही तीन रकाने केले: सर्वांत जास्त डोस किती, किती आठवडे घेतलं, का थांबवलं. एक गोळी मळमळीमुळे बाराव्या दिवशी बंद. दोन गोळ्या सुरुवातीच्या डोसवरच राहिलेल्या. पुरेशा डोसवर सहा-आठ आठवडे टिकलेली औषधं दोनच. दोन पुरेशी औषधं फसली की आजाराला 'न जुमानणारा' म्हणतात, म्हणजे शिक्का बरोबरच होता. पण त्यापुढच्या पायऱ्या कुणी चढल्याच नव्हत्या. गोळ्यांना लिथियम या औषधाची जोड दिलेली नव्हती, शॉक ट्रीटमेंट सुचवूनही घरच्यांनी नाकारली होती, थायरॉइडची तपासणीही नव्हती. अशा वेळी अधूनमधून अति उत्साहाचे दिवस येत होते का हेही विचारायला हवं. बायपोलर, म्हणजे उदासी आणि अति उत्साह आलटून-पालटून येणारा आजार, असेल तर औषधांची दिशाच बदलते.

शॉकबद्दलचा गैरसमज फार नुकसान करतो. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं कायद्यानेच बंद आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण सहा ते बारा वेळा देतात. त्या काळातल्या काही गोष्टी विसरायला होतात, हे आधी सांगितलेलं बरं.

सुनंदाताईंना आणखी एक गोष्ट ठाऊक नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९६ नुसार मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची समजून दिलेली संमती लागते आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची मंजुरीही. बायको किंवा आईने रुग्णाच्या वतीने सही करून चालत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी सगळं विलासरावांना सांगितलं. ते सावकाश म्हणाले, "आधी शॉकचं बघू."

मुंबईत केईएम, नायर, सायनच्या मानसोपचार ओपीडीत अशी फाईल घेऊन दुसरं मत घेता येतं. मरणाचे विचार बोलून दाखवले तर मात्र फाईलसाठी थांबू नका. लगेच रुग्णालयात न्या, रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

सहाव्या शॉकनंतर विलासराव स्वतःहून जेवायला उठू लागले. शॉक संपल्यावर औषधं थांबवली तर आजार परत येण्याची भीती मोठी, म्हणून लिथियम चालू आहे. त्यासाठी रक्तातली पातळी नियमित तपासायची, उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही आणि गुडघे दुखले तरी डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन घ्यायची नाही, कारण तिने ही पातळी वाढते.