वाचकांचे प्रश्न : टॉमच्या टॉवेलातील बाटली

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीवर आम्ही गेल्या अंकात वाचकांची मते मागविली होती. पिढीजात श्रीमंत टॉम ब्यूकॅनन, त्याची पत्नी डेझी आणि तिला परत मिळविण्यासाठी चोरट्या दारूच्या धंद्यातून पैसा उभा करणारा गॅट्सबी यांची ही कथा, डेझीचा नातलग निक कॅरवे सांगतो. आलेल्या पत्रांपैकी तीन येथे घेत आहोत.

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात बहुतेकांचे मत असे पडले की, टॉम उर्मट असला तरी कायदा पाळणारा आहे, आणि गॅट्सबी कितीही लोभस वाटला तरी अखेर गुन्हेगारच आहे. आपल्याला हे पटते का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : यातील दुसरा भाग पटतो, पहिला नाही. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात टॉम आणि गॅट्सबी यांच्यात डेझीवरून होणाऱ्या भांडणाचा प्रसंग पुन्हा वाचावा, ही विनंती. गॅट्सबी दारूचा चोरटा व्यापारी आहे, असे टॉम तेथे सर्वांसमक्ष सांगतो. परंतु त्याच खोलीत त्याने स्वतः घरून टॉवेलात गुंडाळून आणलेली व्हिस्कीची बाटली टेबलावर ठेवलेली असते. अमेरिकेतील १९२० ते १९३३ या दारूबंदीत पिणे हा गुन्हा नव्हता. दारू तयार करणे, विकणे आणि एका जागेहून दुसरीकडे नेणे हे गुन्हे होते. म्हणजे कायद्याच्या काट्यावर तोलायचे झाले, तर आरोप करणाराही त्या खोलीत निर्दोष नाही. भांडण संपल्यावर तो ती न उघडलेली बाटली शांतपणे पुन्हा टॉवेलात गुंडाळू लागतो. मंडळातील कोणाच्या हे लक्षात आले होते की नाही, हे जाणून घ्यायला आवडेल.

शिवाय टॉमचा मित्र वॉल्टर चेस याच धंद्यात उतरलेला होता. ‘तो आमच्याकडे आला तेव्हा कफल्लक होता’, असे गॅट्सबी टॉमला तोंडावर सुनावतो आणि टॉमला त्यावर धड उत्तर देता येत नाही. टॉमचा राग गुन्ह्यावर नसून, कोठून आला हे माहीत नसलेला माणूस आपल्या घराच्या उंबऱ्यात आला यावर आहे, असे आम्हांला वाटते. आपल्याकडेही एखाद्या घराण्याविषयी बोलताना पैसा किती पिढ्यांचा आहे हे आवर्जून सांगितले जाते, पहिल्या पिढीने तो कसा मिळविला याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. निक ती स्वतःच्या घराबाबत करतो : त्याचे घराणे सरदारकुळाशी नाते सांगते, पण मूळपुरुष म्हणजे यादवी युद्धात आपल्याऐवजी दुसऱ्याला धाडून लोखंडी सामानाची घाऊक पेढी काढणारा चुलत आजोबा. फिट्झजेराल्ड हे एका वाक्यात उरकतात. आमच्या मते कादंबरीतील ते सर्वांत बोचरे वाक्य आहे.

प्रश्न : औषधांच्या दुकानांचा दारूशी काय संबंध? (एक वाचिका, डेक्कन जिमखाना)

उत्तर : डॉक्टरांची चिठ्ठी असल्यास औषध म्हणून व्हिस्की विकण्याची मुभा तेथील कायद्यात होती. दुकानाची पाटी हीच त्यामुळे उत्तम आड ठरे. गॅट्सबी आणि त्याचा भागीदार वुल्फशाइम यांनी गल्लीबोळांतील अशी दुकाने विकत घेऊन तेथून मद्यार्क विकला, असा टॉमचा आरोप आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातील प्रकृतीच्या कारणाने दारू पिण्याचे परमिट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

प्रश्न : संघटित गुन्हेगारीची कादंबरी म्हणून ही वाचायला घेतली आणि निराशा झाली. ना टोळ्या, ना पोलीस, सारे पडद्याआड. हा लेखनातील कच्चेपणा नव्हे काय? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : टोळीयुद्धाची अपेक्षा ठेवली तर निराशा होणारच, परंतु धंदा दिसत नाही, असे मात्र नाही. माणसाच्या दाढांची बटणे शर्टाच्या बाह्यांना लावून जेवायला बसणारा वुल्फशाइम हा १९१९ च्या बेसबॉल स्पर्धेतील लबाडीचा सूत्रधार असल्याचे गॅट्सबी सहज सांगून जातो. त्या लबाडीशी ज्याचे नाव जोडले गेले, त्या आर्नल्ड रॉथस्टाइन या न्यूयॉर्कच्या जुगारसम्राटावरून हे पात्र घेतलेले आहे. याहून महत्त्वाचा धागा कर्जरोख्यांचा आहे. निक वॉल स्ट्रीटवर रोखे विकतो. तुम्ही रोख्यांच्या धंद्यात आहात ना, असे विचारूनच गॅट्सबी त्याला एका गुप्त जोडधंद्यात येण्याचे सुचवितो आणि निक नकार देतो. गॅट्सबीच्या मृत्यूनंतर शिकागोहून जो दूरध्वनी येतो, त्यावरून पलीकडच्या माणसाचा साथीदार खिडकीवर रोखे देतानाच पकडला गेल्याचे कळते. त्या चोरट्या रोख्यांचे क्रमांक न्यूयॉर्कहून पाच मिनिटे आधीच तेथे पोहोचलेले असतात. प्रतिष्ठितांची पेढी आणि टोळीचा अड्डा येथे एकाच कागदाचा व्यवहार करतात. हे पोलिसांच्या पाठलागाने अधिक ठळक झाले असते, असे आम्हांला वाटत नाही. तो दूरध्वनी मात्र फार घाईने संपतो, एवढे आम्हांला मान्य आहे.