चार्ज घेतलास, आता गस्तवही उघड

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "सर, ठाण्याचा चार्ज मिळाला, पण दिवस नुसता धावपळीतच जातो." तुझा आवाज ऐकून मला माझं पहिलं ठाणं आठवलं. तेव्हा मीही आग लागली की धावायचो आणि त्यालाच काम समजायचो.

पहिले पंधरा दिवस कुणाला झापू नकोस. हजेरी मास्तरकडून, म्हणजे ड्युट्या लावणाऱ्या अंमलदाराकडून, ड्युटीची वही मागव. गेल्या सहा महिन्यांत रात्रपाळी कुणाच्या वाट्याला किती आली, साप्ताहिक सुटी कुणाची किती वेळा बुडाली, ते स्वतः पेन्सिलीने मोज. चार-पाच नावं कायम रात्रीची निघतील आणि चार-पाच अशी, की ज्यांनी रात्रीचं ठाणं पाहिलेलंच नाही. हजेरी मास्तर वाईट असतो असं नाही, त्याला कुणी विचारत नाही एवढंच. 2016 साली मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, त्याची कल्पना वरून आली नव्हती. त्याच ठाण्यातल्या एका अंमलदाराने ती मांडली होती.

एकदा रात्री पावणेदोनला मी चौकातल्या बँकेबाहेरची गस्तवही उघडली, गस्तीवरचा अंमलदार वेळ टाकून सही करतो ती. साडेतीनची सही आधीच झालेली! मी तिच्याखाली माझी सही केली, 1.45 अशी वेळ टाकली आणि घरी येऊन झोपलो. सकाळी हजेरीला एक शब्द काढला नाही. दुपारी तो अंमलदार आपणहून केबिनच्या दारात उभा. विचारलं तेव्हा कळलं, पठ्ठ्या आदल्या सकाळी सातपासून बंदोबस्तावर होता आणि त्याच रात्री त्याला गस्त लावली होती. लावली कुणी? चार्टवर सही माझीच होती.

आता माझी चूक सांगतो. घरफोडीतले दोन आरोपी अटकेत, तपास चांगला झालेला. तपास अधिकारी प्रशिक्षणाला गेला आणि कागद त्याच्या कपाटात राहिले. साठ दिवस उलटले, दोषारोपपत्र गेलं नाही आणि एकसष्टाव्या दिवशी आरोपींना हक्काने जामीन मिळाला. फिर्यादी म्हातारी ठाण्यात येऊन काही बोलली नाही, बाकावर बसून राहिली. त्यानंतर माझ्या टेबलामागे एक साधा फळा आला: गुन्हा क्रमांक, रिमांडची (न्यायालयाने आरोपीला कोठडी दिल्याची) तारीख, पंचेचाळिसावा दिवस, शेवटचा दिवस. मोजताना रिमांडचा पहिला दिवसही धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली स्पष्ट केलंय. पंचेचाळिसाव्या दिवशी प्रयोगशाळेला रासायनिक अहवालाची आठवण जाते की नाही, ते तू बघ. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत फिर्यादीला नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवायची आहे. तोही रकाना त्याच फळ्यावर घाल.

वार्षिक तपासणीबद्दल जास्त लिहीत नाही. कुंड्यांना गेरू लागतो, रजिस्टरं रातोरात भरली जातात. तू दर शनिवारी एकच रजिस्टर काढत जा आणि मुद्देमाल खोलीतल्या कुठल्याही पाच वस्तू पावतीशी ताडून बघ. पाचच, पण निवड तुझी.

गणपती जवळ आलेत. शांतता समितीच्या बैठकीत चहा-बिस्किटं होतात, सगळे "सहकार्य करू" म्हणतात. खरी बैठक त्याआधी, मिरवणुकीच्या रस्त्यावर. महावितरणचा वायरमन, मंडळाचा एक पोरगा आणि मूर्तीच्या उंचीचा बांबू घेऊन पूर्ण रस्ता चाल. तार कुठे अडते, कोणत्या वळणावर ट्रॅक्टर मागे घ्यावा लागतो, ते तिथेच दिसतं. बीट अंमलदाराला बरोबर घे आणि त्याला बोलू दे. गेल्या वर्षी कुठल्या दोन मंडळांत मिरवणुकीतल्या नंबरावरून जुंपली होती, हे त्याला पाठ असतं. गावचे पोलीस पाटीलही सांगतील, पण चारचौघांत नाही. त्यांना घरी जाऊन भेट. प्रतिबंधक कारवाईचे प्रस्तावही तेव्हाच पाठव. आदल्या दिवशी पाठवलेला प्रस्ताव फक्त फाइलच्या उपयोगाचा.

आणि हो, बंदोबस्ताचा चार्ट लावताना विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कुणाला सुटी, तेही त्याच कागदावर लिही. डब्यांचं आणि पाण्याचं बघ. आपल्या महिला अंमलदारांना बारा-बारा तास उभं करतात आणि जवळपास स्वच्छतागृह आहे का, हे कुणी विचारत नाही. तुला तरी हे सांगावं लागू नये.

चार्ट तयार झाला की फोटो पाठव. चष्मा लावून बघतो.

तुझा,
जुना साहेब