अमेरिकेतील नामवंत विद्यापीठे आशियाई मुलांना डावलतात का?

मूळ प्रश्न असा आहे: "माझा मुलगा पुण्यात अकरावीत आहे. हार्वर्ड, येल यांसारख्या विद्यापीठांत भारतीय मुलांना आशियाई म्हणून डावलले जाते, असे ऐकतो. 2023 च्या निकालानंतर हे थांबले का? त्याची संधी वाढली का?"

आशियाई मुलांना काही प्रमाणात डावलले जात होते, असे माझे मत आहे; 2023 च्या निकालाने (अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी वंश पाहून प्रवेश देणे घटनाबाह्य ठरवले) त्यांचा सरसकट फायदा झालेला नाही; आणि तुमच्या मुलाचा या भांडणाशी फारच थोडा संबंध आहे, कारण भारतातून अर्ज करणारा विद्यार्थी इथल्या आकडेवारीत आशियाई म्हणून मोजला जात नाही, तो 'आंतरराष्ट्रीय' या वेगळ्या रकान्यात जातो. बहुतेक विद्यापीठांत त्या रकान्यातील मुलाचा वंश कोणता यापेक्षा त्याचे वडील पूर्ण शुल्क भरू शकतात का, हे अधिक मोलाचे ठरते. एवढ्यावर थांबायला हवे. पण 'डावलले' हा शब्द आमच्या घरात 2018 पासून इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की मला थांबवणार नाही.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथल्या शाळेत प्रगत गणिताच्या वर्गातील निम्मी आडनावे आपल्याकडची असतात. 2017 च्या शरद ऋतूत माझी मुलगी अर्ज करत होती, तेव्हा मी तिला एका खासगी सल्लागार बाईंकडे नेले. बाईंनी तिची यादी पाहिली: गणिताच्या स्पर्धा, रोबोटिक्स, रुग्णालयातील स्वयंसेवा, नऊ वर्षे तबला. मग त्यांनी शांतपणे सांगितले की अगदी अशाच अकरा फायली त्यांच्या टेबलावर आहेत. डॉक्टर व्हायचे आहे असे लिहू नकोस, वंशाचा रकाना कोरा सोड आणि तबला शक्यतो वगळ, असा त्यांचा सल्ला होता. आडनाव पाच अक्षरी आणि शेवटी 'कर'. त्याचे काय करायचे हे त्यांनी सांगितले नाही. मुलीने निबंध तबल्यावरच लिहिला. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने तबल्याचा स्वर चढतो आणि तो हातोडीने उतरवत बसावे लागते, एवढाच त्या निबंधाचा विषय होता. मला तो आजही आवडतो. मार्चअखेर चार विद्यापीठांचा नकार आला, पाचव्याने प्रतीक्षायादीत टाकले, आणि ती रटगर्स या आमच्या राज्य विद्यापीठात गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मंडळाचा गुढीपाडवा होता. (इकडे पाडवा शाळेचे सभागृह मिळेल त्या शनिवारी येतो.) जेवणाच्या रांगेत माझ्या धाकट्या दिरांनी विषय काढला. मुलीबरोबर रसायनशास्त्राचे प्रयोग करणाऱ्या एका मुलीला अशाच एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. ती काळी, तिचे आईवडील हैतीहून आलेले, आई रुग्णालयात रात्रपाळी करणारी. "वहिनी, आपल्या पोरीची जागा तिने खाल्ली," असे भावोजी म्हणाले, आणि मी मान डोलावली. त्याच वर्गातील आणखी एका मुलाला तिथेच प्रवेश मिळाला होता. तो मर्सर तलावावर एका क्लबात पहाटे नौकानयन करायचा, आणि त्याचे वडील व आजोबा त्याच विद्यापीठाचे पदवीधर होते. त्याचे गुण माझ्या मुलीपेक्षा कमी होते, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. तरी त्याने कोणाची जागा खाल्ली, असा विचार त्या रांगेत कोणाच्याही मनात आला नाही. मुलगी पलीकडे श्रीखंड वाढत होती. परतीच्या वाटेवर गाडीत तिने एकच विचारले, "आजीच्या पाटल्या कोणाच्या जागेसाठी गेल्या होत्या?"

हा प्रश्न समजायला 1989 च्या सांगलीत जावे लागेल. माझ्या यजमानांना अभियांत्रिकीची जागा गुणांवर मिळाली होती. भावोजींना बारावीला जेमतेम साठ टक्के मिळाले. महाराष्ट्रात 1983 पासून विनाअनुदानित महाविद्यालये निघाली होती. त्यांपैकी एकात देणगी भरून त्यांची जागा घेतली गेली. त्यासाठी सासूबाईंच्या पाटल्या विकल्या आणि उरलेल्या रकमेसाठी सोसायटीचे कर्ज काढले. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा 1987 सालीच झालेला असल्यामुळे पावती अर्थातच मिळाली नाही. गल्लीतील शिंप्याच्या मुलाला भावोजींपेक्षा बरेच अधिक गुण होते आणि तो बी.एस्सी.ला गेला, हे सासूबाई मला दर दिवाळीला सांगत असत, बहुधा पाटल्यांच्या आठवणीने. त्यापुढच्याच वर्षी, 1990 मध्ये, मंडल आयोगाविरोधी मोर्चात 'गुणवत्ता वाचवा' असा फलक धरून हेच भावोजी पुढच्या ओळीत चालत होते. त्या मोर्चाचे छायाचित्र अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की गुणवत्तेच्या नावाने ओरडणारा माणूस जो दरवाजा दाखवतो, तो बहुधा सर्वांत अरुंद असतो. ऑक्टोबर 2018 मध्ये बोस्टनला, आशियाई मुलांना डावलल्याचा हार्वर्डविरुद्धचा खटला उभा राहिला, तेव्हा आदल्या दिवशीच्या सभेसाठी भावोजी पाच तास गाडी चालवून गेले. ज्या संस्थेने हा खटला 2014 मध्ये भरला, तिचे प्रमुख एडवर्ड ब्लम यांनी त्याआधी टेक्सास विद्यापीठाविरुद्ध एका गोऱ्या मुलीची बाजू उचलून धरली होती, आणि तो वाद 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला होता. आशियाई पालक त्यांना नंतर सापडले. हे मी भावोजींना सांगितले, तेव्हा वकील कोणीही असो, न्याय मिळाल्याशी कारण, असे ते म्हणाले.

परंतु त्या खटल्याने एक गोष्ट फार चांगली केली: हार्वर्डला सहा वर्षांच्या अर्जांची आकडेवारी उघड करावी लागली. आशियाई मुलांना अभ्यासात आणि इतर उपक्रमांत उत्तम गुण मिळत होते, पण 'व्यक्तिमत्त्व' या सदरात, म्हणजे धैर्य, मनमिळाऊपणा वगैरे बाबतींत, प्रवेश कार्यालय त्यांना कमी गुण देत होते. मुलांना प्रत्यक्ष भेटणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखतींत मात्र हा फरक जवळजवळ दिसत नव्हता. हे वाचून मलाही संताप आला, आणि तो रास्त होता. पण त्याच कागदपत्रांतील दुसरा आकडा आमच्या मंडळात कोणी वाचला नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना, ज्यांना इथे 'लेगसी' म्हणतात, सुमारे 33 टक्के दराने प्रवेश मिळत होता. इतरांचा दर सहा टक्क्यांच्या आसपास होता. खेळाडू, लेगसी, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले आणि डीनच्या खास यादीतील, म्हणजे बऱ्याचदा देणगीदारांची, मुले अशी एकत्र मोट बांधली, तर प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी 43 टक्क्यांहून अधिक या मोटेत येत होते. काळ्या, आशियाई आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांत हे प्रमाण प्रत्येकी 16 टक्क्यांहून कमी होते. हार्वर्डविरुद्ध साक्ष देणारे अर्थतज्ज्ञ पीटर आर्सिडियाकोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच अंदाज आहे की या मोटेतील तीन चतुर्थांश गोरी मुले एरवी नाकारली गेली असती. खेळाडू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बास्केटबॉल येतो. प्रत्यक्षात नौकानयन, स्क्वॉश, तलवारबाजी आणि लॅक्रॉस हे खेळही त्यात येतात, आणि ते रिकाम्या पटांगणात दोन दगड मांडून शिकता येत नाहीत.

2023 च्या जुलैमध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रिडमन या अर्थतज्ज्ञांनी अशा बारा विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेतील गुण समान असतानाही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुलांना प्रवेश मिळण्याची शक्यता सरासरी अर्जदारापेक्षा 34 टक्क्यांनी अधिक होती, आणि वरच्या 0.1 टक्क्यातील मुलांना ती दुपटीहून अधिक होती. कारणे त्यांनी तीन दिली: लेगसी, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर गुणांकन. मोठ्या राज्य विद्यापीठांत श्रीमंतीचा असा फायदा त्यांना आढळला नाही. माझी मुलगी राज्य विद्यापीठात शिकली, म्हणून हे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे.

'व्यक्तिमत्त्व' हे सदर तरी कुठून आले? 1922 मध्ये हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी एक पंचमांशाच्या वर गेले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांना ते प्रमाण 15 टक्क्यांवर रोखायचे होते. उघड कोटा प्राध्यापकांनी मान्य केला नाही. मग 1926 पासून चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व यांना महत्त्व आले आणि अर्जासोबत छायाचित्र मागण्यात आले. ज्या हत्याराने आशियाई मुलांचे गुण कमी झाले, ते काळ्या मुलांना आत घेण्यासाठी घडवलेले नव्हतेच. ते गुणांवर पुढे येणाऱ्या परक्यांना रोखण्यासाठी आणि जुन्या घराण्यांच्या जागा राखण्यासाठी घडवलेले होते. भावोजींनी पाच तास गाडी चालवून जी बाजू उचलली, तिच्या विजयानेही हे हत्यार मोडले नाही.

29 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच खटल्यात वंशाधारित प्रवेश घटनाबाह्य ठरवले. लेगसी तशीच राहिली. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी आपल्या स्वतंत्र मतात देणगीदार व माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या सवलतीवर टीका केली, पण ती निकालाचा भाग नाही. पुढच्या वर्षी एमआयटी या बोस्टनजवळच्या तंत्रविद्यापीठात आशियाई विद्यार्थी 40 टक्क्यांवरून 47 टक्क्यांवर गेले आणि काळे विद्यार्थी 13 वरून 5 वर आले. एमआयटी लेगसी मानत नाही, हे लक्षात ठेवावे. येलमध्ये त्याच वर्षी आशियाई विद्यार्थी 30 वरून 24 टक्क्यांवर उतरले, प्रिन्स्टनमध्येही थोडे कमी झाले. एका वर्षाच्या आकड्यांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे. पण आपली जागा काळ्या मुलांकडे अडकली होती आणि आता सुटली, असे म्हणणाऱ्याने हे आकडे एकदा पाहावेत. उलट उदाहरणही आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने लेगसी बंद केली, आणि 2009 ते 2019 या दहा वर्षांत अशा विद्यार्थ्यांचे प्रमाण 12.5 वरून 3.5 टक्क्यांवर आले आणि पेल या सरकारी अनुदानास पात्र असलेल्या गरीब घरांतील विद्यार्थ्यांचे 9 वरून 19 टक्क्यांवर गेले.

आता तुमच्या मुलाविषयी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज त्याची आर्थिक स्थिती न पाहता वाचतात आणि प्रवेश दिल्यास गरजेइतकी मदत करतात. असे करणारी विद्यापीठे थोडीच आहेत. इतरत्र मदत मागितली की संधी कमी होते. एकूण खर्च वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर आहे. म्हणून आधी प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आपले उत्पन्न भरून मदतीचा अंदाज काढा, मग यादी करा. ज्याला तबला आवडतो त्याने तबलाच लिहावा. आणि पुण्यातील एखादा सल्लागार 'आता आशियाईंना रान मोकळे झाले' असे सांगून शुल्क मागू लागला, तर तो 2023 चा निकाल न वाचता विकत आहे असे समजा. घरात कोणी काका असतील आणि ते कोणाची जागा कोणी खाल्ली हे मुलाला सांगत असतील, तर त्यांची स्वतःची जागा कशी मिळाली हे जेवणाच्या टेबलावर सर्वांसमोर विचारा. मी सात वर्षे विचारले नाही, ही माझी चूक होती.

काही गोष्टी लिहायच्या राहिल्या. कनिष्ठ न्यायालयाने 2019 मध्ये हार्वर्डने हेतुपुरस्सर भेदभाव केल्याचे सिद्ध झाले नाही असे म्हटले होते. 'डावलले जात होते' हे माझे मत आहे. भावोजी कष्टाळू आहेत, माझ्या यजमानांच्या आजारपणात तेच आमच्या दारात उभे राहिले, आणि देणगीच्या जागेवर शिकूनही ते उत्तम अभियंते झाले. हा मुद्दा खरे तर त्या हैतीहून आलेल्या कुटुंबातील मुलीच्याच बाजूचा आहे, हे त्यांना अजून पटलेले नाही. त्यांचा धाकटा मुलगा पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे. आमच्या जाऊबाई इथेच वाढल्या आणि ज्या विद्यापीठाच्या त्या पदवीधर आहेत, तिथे भावोजी गेली चार वर्षे दर डिसेंबरला देणगी पाठवतात. तिची पावती मिळते, आणि करसवलतीसाठी ती चालते.

आणि मी स्वतः त्या सल्लागार बाईंना तीन हजार डॉलर दिले होते, हेही नोंदवते. मुलीने हे उत्तर वाचून ती रक्कम वर, बाईंच्या परिच्छेदात घ्यायला सांगितली. मी ती इथेच ठेवली आहे.