फोटो तुमचा, चेहरा त्यांचा. आणि त्या मानधनाचं काय?

प्रश्न : मी नोकरी सांभाळून छंद म्हणून छायाचित्रण करतो. सिनेमांच्या प्रीमिअरला जाऊन रेड कार्पेटवर कलाकारांचे फोटो काढतो आणि ते क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या 'बाय-एसए ४.०' परवान्याखाली, म्हणजे माझं नाव देऊन कोणीही वापरावेत आणि बदल केले तर त्याच अटींवर पुढे द्यावेत या बोलीवर, सगळ्यांसाठी खुले करतो. विकिपीडियावर काही कलाकारांच्या पानांवर माझेच फोटो आहेत. गेल्या महिन्यात एका अभिनेत्रीच्या मॅनेजरने वकिलामार्फत नोटीस पाठवली. तिच्या छायाचित्रांचा कॉपीराइट तिच्याकडे आहे, सात दिवसांत सगळे फोटो काढा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी कारवाई करू, असं त्यात आहे. निमित्त असं झालं की चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या एका कंपनीने माझा फोटो डबीवर छापला. मला विचारलं नाही, माझं नावही टाकलं नाही. मी गुन्हा केला आहे का? परवाना मागे घेता येईल का? बहुतेक प्रीमिअरचा पास मला सिनेमाच्या पीआर कंपनीकडून फुकट मिळतो. (एकदा त्यांचा नेहमीचा फोटोग्राफर आला नाही, तेव्हा त्यांनी मलाच फोटो काढायला सांगितलं आणि मानधन दिलं. ते फोटोही मी तसेच खुले केले आहेत.) नोटीस, पासच्या दोन्ही बाजू आणि डबीचा फोटो सोबत जोडला आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही घाबरलात नोटिशीला, आणि मी थबकलो तुमच्या कंसातल्या दोन वाक्यांपाशी. त्याकडे शेवटी येतो. आधी नोटीस.

नोटिशीच्या चौथ्या परिच्छेदात लिहिलंय की 'आमच्या अशिलाच्या छायाचित्रांवर आमच्या अशिलाचाच कॉपीराइट आहे.' हे कायद्याला धरून नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा, अशी सरळ व्याख्या आहे, आणि कलम १७ नुसार कर्ता हाच पहिला मालक. फोटोत कोण आहे याचा मालकीशी संबंध नाही. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. फोटो कलात्मक असावा अशीही अट नाही. हललेला, डोळे मिटलेला फोटोसुद्धा कायद्याच्या लेखी 'कलाकृती'च. उलट बाजूचं एक उदाहरण देतो. २०१९ साली अमेरिकेत मॉडेल जीजी हदीद हिच्यावर एका फोटो एजन्सीने दावा लावला, कारण तिने स्वतःचाच फोटो एजन्सीला न विचारता इन्स्टाग्रामवर टाकला होता. तो दावा नोंदणीच्या तांत्रिक मुद्द्यावर फेटाळला गेला, पण स्वतःचा चेहरा असला म्हणून फोटो आपला होत नाही, हे त्या निमित्ताने बऱ्याच जणांच्या ध्यानात आलं.

कॉपीराइटच्या नावाने पोकळ धमक्या देणाऱ्यांसाठी कलम ६० आहे. ज्याला धमकी मिळाली तो स्वतःहून न्यायालयात जाऊन 'मी कसलाही भंग केलेला नाही' असं जाहीर करून मागू शकतो, धमक्या थांबवण्याचा मनाई हुकूम मागू शकतो आणि नुकसान झालं असेल तर भरपाईही. तुम्ही लगेच तिथवर जावं असं मी म्हणत नाही. उत्तरात या कलमाचा उल्लेख केला तरी पुढच्या पत्राचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

फौजदारी कारवाईचं म्हणाल, तर रेड कार्पेटवर कॅमेऱ्याकडे बघून उभ्या राहिलेल्या व्यक्तीचा फोटो काढणं हा गुन्हा नाही. चोरून, खासगी क्षणी, शरीराचे खासगी भाग टिपणं हा गुन्हा आहे, आणि तुमच्या फोटोंचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पण मॅनेजरचं दुखणं खोटं नाही. त्याने त्याला चुकीचं नाव दिलंय, एवढंच. आपला चेहरा, आवाज, नाव कुठल्या मालाच्या विक्रीला जुंपायचं हे ठरवण्याचा हक्क नामवंतांना आहे. त्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांनी तो निकालांमधून उभा केलाय. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिलेलं टायटनचं प्रकरण बघा. अमिताभ आणि जया बच्चन यांची, टायटनच्याच तनिष्क दागिन्यांची जाहिरात एका सराफाने जशीच्या तशी आपल्या होर्डिंगवर लावली. न्यायालयाने दोन गोष्टी वेगवेगळ्या मानल्या. जाहिरातीचा कॉपीराइट टायटनचा, आणि चेहऱ्याच्या व्यावसायिक वापरावरचा हक्क त्या दोघांचा. सराफाने दोन्ही मोडले. तुमच्या प्रकरणात सराफाच्या जागी क्रीमवाले आहेत आणि टायटनच्या जागी तुम्ही.

हा हक्क सर्वव्यापी मात्र नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये खेळाडूंच्या डिजिटल कार्डांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की बातमी, विडंबन, अभ्यास, कला यांसाठी नामवंतांचं नाव आणि प्रतिमा वापरणं अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अनिल कपूर यांना त्यांच्या प्रतिमेच्या आणि 'झकास' या लकबीच्या गैरवापराविरुद्ध याच न्यायालयाने मनाई हुकूम दिला, तेव्हाही माहिती, बातमी आणि टीकेची वाट मोकळी ठेवली. म्हणजे विकिपीडियाच्या पानावर ती अभिनेत्री कोण हे दाखवायला लावलेला तुमचा फोटो सुरक्षित बाजूला आहे, आणि क्रीमची डबी नाही.

आता क्रीमवाले म्हणतील, 'परवान्यात व्यावसायिक वापराला मुभा होती, आम्ही फोटो उचलला.' त्यांनी परवाना अर्धाच वाचलाय. बाय-एसए ४.० मध्ये स्पष्ट लिहिलंय की फोटोतल्या व्यक्तीचे प्रसिद्धीचे आणि खासगीपणाचे हक्क या परवान्याने दिले जात नाहीत. तुम्ही तुमच्याकडचं तेवढं दिलंत. तिचा चेहरा विकायचा हक्क तुमच्याकडे नव्हताच. ही गफलत जुनी आहे. २००७ साली ऑस्ट्रेलियात व्हर्जिन मोबाइलने फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरून खुल्या परवान्याचा फोटो घेऊन एका अमेरिकन मुलीला जाहिरातीच्या फलकावर झळकवलं. तिच्या घरच्यांनी टेक्सासमध्ये दावा केला आणि त्यात क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेलाही ओढलं. संस्थेचं नाव नंतर वगळलं गेलं, आणि कंपनीविरुद्धचा दावा अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर संपला. पण तेव्हापासून जाणकार हेच सांगत आलेत की फोटोचा परवाना म्हणजे चेहऱ्याचा परवाना नव्हे.

त्यातही, क्रीमवाल्यांनी तुमचा परवानासुद्धा पाळलेला नाही. डबीवर तुमचं नाव नाही, परवान्याचा दुवा नाही. ४.० आवृत्तीत अट मोडली की परवानगी आपोआप संपते. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर ती परत मिळते. सुधारणा झाली नाही तर तो सरळसरळ कॉपीराइटचा भंग, आणि दावा लावायला तुम्हाला ३ वर्षांची मुदत आहे. फाइलमध्ये भरलेली तुमच्या नावाची माहिती त्यांनी जाणूनबुजून पुसली असेल, तर कलम ६५ ब खाली तो वेगळा गुन्हा ठरू शकतो. म्हणजे नोटीस पाठवणारा मॅनेजर आणि तुम्ही खरं तर एकाच बाजूला उभे आहात. त्याच्या वकिलांना हे सौम्य शब्दांत लिहा.

परवाना मागे घेता येईल का? नाही. तो अपरिवर्तनीय आहे, तसं त्यातच लिहिलंय. उद्यापासून तुम्ही फोटो तुमच्या पानावरून काढू शकता, पण ज्यांच्याकडे तो आधीच गेलाय त्यांचे हक्क शाबूत राहतात. 'अव्यावसायिक' अट असलेला परवाना घेतला असतात तर क्रीमवाल्यांविरुद्धचं काम सोपं झालं असतं हे खरं, पण विकिपीडिया तसे फोटो घेत नाही. मी तुमच्या जागी असतो तर परवाना बदलला नसता. प्रत्येक फोटोखाली एक ओळ टाकली असती की या परवान्यात चित्रातील व्यक्तीची जाहिरातीसाठी संमती समाविष्ट नाही.

पासची मागची बाजू भिंग घेऊन वाचली. तीनच ओळी आहेत : पास दुसऱ्याला देऊ नये, सभागृहात चित्रीकरण करू नये, आयोजक प्रवेश नाकारू शकतात. फोटो कुठे वापरायचे यावर अक्षरही नाही, तेव्हा त्या बाजूने तुम्ही मोकळे आहात. पण सगळेच पास असे नसतात. 'फक्त वार्तांकनासाठी' असं छापलेला पास घेऊन आत गेलात आणि फोटो खुले केलेत, तर कॉपीराइट तुमचाच राहतो, पण करारभंगाचं खापर डोक्यावर फुटतं. आणि दिवे गेल्यावर कॅमेरा पिशवीत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात थिएटरमध्ये सिनेमाची बेकायदा प्रत करण्याला किमान ३ महिने कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. पडद्यावर आलेली नायिका मोबाइलवर टिपून हौसेने टाकणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

मागे दिसणाऱ्या पोस्टरची चिंता करू नका. पोस्टरचा कॉपीराइट वेगळा असतो, पण व्यक्तीच्या खांद्याआडून डोकावणारा तुकडा इतका किरकोळ की त्यावरून कोणी भांडत नाही, आणि भांडलं तर २०१२ च्या इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या निकालात क्षुल्लक वापराचं तत्त्व मान्य झालेलं आहे. नुसत्या पोस्टरचा सरळ फोटो काढून खुला करू नका, एवढं पाळा.

तुमच्या संग्रहातला एक फोटो मात्र, कोणी मागणी केलेली नसताना, मी आजच काढून टाकला असता. गाडीच्या काचेतून टिपलेली, आईच्या मांडीवर झोपलेली मुलगी. आई रेड कार्पेटवर आली ती फोटोसाठीच, पण लेक नाही. खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल उद्या कोणी पुढे केला तर तुमच्याकडे उत्तर नसेल. आणि निकाल नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आता कंसातलं. 'मलाच फोटो काढायला सांगितलं आणि मानधन दिलं.' कलम १७ ला अपवाद आहेत, आणि त्यातला पोटकलम ब नेमका फोटोंसाठी आहे : एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो सांगणारा. फुकट पास हा माझ्या मते मोबदला ठरत नाही, कारण पास देताना तुम्हाला कोणी काम सांगितलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी काम सांगितलं, पैसे दिले, कागद काही केला नाही. त्या संध्याकाळचे सगळे फोटो पीआर कंपनीचे आहेत. फोटोवर आपलं नाव लावून घेण्याचा कर्त्याचा विशेष हक्क कलम ५७ खाली तुमच्याकडे राहतो, पण परवाना देण्याचा हक्क नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही दिलेला खुला परवाना त्या फोटोंपुरता पोकळ आहे, आणि त्याच्या भरवशावर ज्यांनी ते वापरले तेही नकळत अडचणीत आहेत.

यावर इलाज आहे, आणि संबंध चांगले आहेत तोवर तो करून घ्या. पीआर कंपनीकडून त्या फोटोंचे हक्क तुमच्या नावे लेखी करून घ्या. तोंडी 'हो, टाका की' याला किंमत नाही. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. कागदात फोटोंची यादी द्या, कोणते हक्क ते लिहा, आणि दोन गोष्टी विसरू नका : मुदत आणि प्रदेश. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पाच वर्षांपुरते आणि भारतापुरते हक्क हातात असताना कायमचा, जगभराचा परवाना देता येत नाही. म्हणून 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर' असे शब्द हवेत. शिवाय 'यापूर्वी दिलेल्या खुल्या परवान्यास आमची संमती आहे' हे एक वाक्य घाला. त्यांनी नकार दिला तर ते फोटो उतरवा आणि विकिपीडियावरूनही काढण्याची विनंती करा, कारण स्पष्ट लिहून.

तोवर मॅनेजरच्या वकिलांना चार ओळींचं उत्तर सात दिवसांच्या आत जाऊ द्या, म्हणजे गप्प बसलात असं होणार नाही. क्रीमवाल्यांना पाठवायची नोटीस मात्र मी अजून लिहायला घेतलेली नाही. डबीवरच्या फोटोत तिच्या डाव्या खांद्यामागे पोस्टरवरच्या एका अक्षराचा अर्धा काना आणि वरची वेलांटी दिसते. ते कोणत्या सिनेमाचं आहे, हे तुमची मूळ फाइल आणि तिच्यावरची तारीख बघून कळवा. मानधनाच्या संध्याकाळचा तो फोटो निघाला, तर आज क्रीमवाल्यांवर दावा लावायचा हक्क तुमच्याकडे नाही, आणि मग पीआर कंपनीची सही आधी लागेल.